मजकूर कोणाचा, मांडणी कोणाची? : वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर आणि थीम करणाऱ्यांची दुखणी

(अंजनगाव सुर्जी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

समोर दोन प्रकारची माणसं बसली आहेत. एक, माझ्यासारखी वेबसाइटची थीम करून पोट भरणारी. आणि दुसरी, त्या वेबसाइटवर रोज काही ना काही टाकणारी : शाळेतले शिक्षक, पतसंस्थेतले कारकून, बातम्यांचं पोर्टल चालवणारे, पानपिंपळीचे भाव टाकणारे शेतकरी. या दोघांचं फोनवरचं बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होतं : "दादा, मी काहीच केलं नाही, तरी पान बिघडलं." आणि इकडून उत्तर जातं, "काहीतरी केलंच असेल." माझं म्हणणं असं की दोघंही खरं बोलत असतात. तो गुंता नेमका कुठे आहे, ते आज समजून घेऊ.

थीम म्हणजे काय

खिळ्यांचे छापखाने ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लवकर कळेल. लेखक हस्तलिखित द्यायचा. त्यात शब्द असायचे, परिच्छेद असायचे, मथळा असायचा. मथळा किती मोठ्या टायपात बसवायचा, दोन ओळींत किती जागा सोडायची, समास किती ठेवायचा, हे छापखाना ठरवायचा. जुळारी खिळे जुळवायचा. पुढच्या आवृत्तीला टाइप बदलला तरी हस्तलिखित तेच राहायचं.

वर्डप्रेसची मूळ मांडणी अशीच आहे. २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती आली. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी-टू नावाच्या जुन्या प्रणालीवरून ती उभी केली. आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी निदान दोन यावर चालतात. तिच्यात मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि मांडणी थीमच्या फायलींमध्ये. म्हणजे हस्तलिखित कपाटात आणि छापखाना शेजारच्या खोलीत. थीम बदला, वेबसाइटचं रूप बदलेल, लेख जागच्या जागी राहतील. वर्डप्रेस गावोगाव पोचलं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

या दोन खोल्यांमध्ये एक भिंत होती. भिंतीला भोकं नव्हती असं नाही. २००५च्या अखेरीस वर्डप्रेसमध्ये वर्डसारखं दिसणारं लेखनाचं चौकट आलं, आणि तेव्हापासून लोक मजकुराला लाल रंग देत होते, मधोमध आणत होते. पण भिंत उभी होती. सारं पान एका सलग मजकुरासारखं होतं आणि त्याला कपडे चढवणं थीमच्या हातात होतं.

भिंत कधी पाडली, आणि का

२०१७मध्ये नव्या एडिटरचं काम लोकांसमोर आलं. नाव ठेवलं गुटेनबर्ग, मुद्रणाच्या त्या आद्य पुरुषावरून. कल्पना अशी की पानावरची प्रत्येक गोष्ट एक ब्लॉक. परिच्छेद एक ब्लॉक, मथळा एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक, तक्ता एक ब्लॉक. आपल्याकडच्या छापखान्यांत लाकडावर ठोकलेल्या चित्राच्या जस्ती पत्र्यालाही 'ब्लॉक'च म्हणायचे. हे ब्लॉक उचला, वरखाली करा, शेजारी शेजारी मांडा.

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेस ५.० आलं आणि हा एडिटर सगळ्यांसाठी मुख्य झाला. आधी १९ नोव्हेंबर ठरलं होतं, मग २७, मग हे. आलं ते अमेरिकेतल्या वार्षिक वर्डकॅम्पच्या आदल्या दिवशी. अनेकांनी थांबा म्हटलं होतं. अंध आणि अपंग वापरकर्त्यांना हे वापरता येईल का, हे पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख रियन रीटव्हेल्ड यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पद सोडलं. जुना एडिटर परत आणणारं 'क्लासिक एडिटर' नावाचं प्लगिन ५० लाखांहून अधिक वेबसाइटींवर चढलं. काही जणांनी तर 'क्लासिकप्रेस' नावाची वेगळी चूलच मांडली.

मग हे केलंच का? कारणही खरं होतं. साध्या माणसाला दोन स्तंभ हवे असत, बटण हवं असे, फोटोवर अक्षरं हवी असत. जुन्या एडिटरमध्ये ते जमत नसे. म्हणून लोक पान बांधणारी बाहेरची प्लगिनं घ्यायचे. ते प्लगिन बंद केलं की पानावर चौकोनी कंसातल्या खुणांचा कचरा उरायचा. शिवाय प्रत्येक थीमवाला स्वतःची वेगळी पेटी द्यायचा. ब्लॉक एडिटरनं हे सगळ्यांसाठी एकसारखं करायचं ठरवलं. हेतूबद्दल माझी तक्रार नाही.

ब्लॉक जपून कसा ठेवतात

पुढची सगळी दुखणी इथून निघतात, म्हणून हे नीट पाहू.

ब्लॉकसाठी डेटाबेसमध्ये वेगळा खण नाही. पूर्वी लेख ज्या एका रकान्यात राहायचा, त्याच रकान्यात तो आजही राहतो. फक्त प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर एक न दिसणारी टीप असते : 'इथून परिच्छेद सुरू', 'इथे संपला'. त्या टिपेतच ब्लॉकचे गुण लिहिलेले असतात. रंग कोणता, अक्षर किती मोठं, आजूबाजूला जागा किती.

म्हणजे काय झालं? हस्तलिखिताच्या समासातच जुळाऱ्याच्या सूचना लिहायला सुरुवात झाली. आणि त्या लिहिणारा जुळारी नाही, लेखक आहे. मांडणीचा निर्णय मजकुराच्या कपाटात जाऊन बसला. थीम करणाऱ्याच्या हातात त्या कपाटाची किल्ली नसते, आणि नसावीच.

एक शाळा कल्पनेत धरू, आपल्याच गावातली. इतिहासाच्या बाईंनी एक पान लिहिलं. विषय, ३० डिसेंबर १८०३चा तह. दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला, याच गावात झालेला. त्याआधी २९ नोव्हेंबरची अडगावची लढाई, १५ डिसेंबरला पडलेला गाविलगड, हे सगळं त्यात. चांगलं पान आहे, दहा वर्षं टिकावं असं. आता त्या पानाचं काय काय होऊ शकतं ते पाहा.

दुखणं पहिलं : रंग

थीममध्ये मी चार रंग दिलेत. त्यातला एक पानमळ्यासारखा गडद हिरवा. बाईंनी उपमथळ्यासाठी तोच निवडला, तर मजकुरात रंग लिहिला जात नाही, फक्त रंगाचं नाव लिहिलं जातं. उद्या मी त्या नावाचा रंग बदलला की सगळ्या पानांवर बदलतो. हे उत्तम.

पण तिथेच शेजारी एक गोल असतो, त्यातून कोणताही रंग निवडता येतो. बाईंनी त्यातून एक जांभळा घेतला. आता तो जांभळा आकड्यांच्या रूपात त्या परिच्छेदातच कोरला गेला. तीन वर्षांनी शाळेनं काळ्या पार्श्वभूमीची थीम घेतली की गडद जांभळी अक्षरं काळ्यावर. वाचता येत नाहीत. दोष कोणाला? नव्या थीमला. थीमचा काहीही संबंध नसतो, पण फोन थीमवाल्यालाच येतो.

आणि पहिल्या प्रकारातही एक मेख आहे. नव्या थीममध्ये त्या नावाचा रंग नसेल, तर मथळा निमूटपणे साध्या रंगाचा होतो.

दुखणं दुसरं : लिहिताना एक, छापताना दुसरं

या एडिटरचं मोठं वचन म्हणजे लिहिताना जे दिसतं तेच वाचकाला दिसेल. जुन्या एडिटरनं हे वचन दिलंच नव्हतं, त्यामुळे तो मोडायचाही नाही. इथे दिलं आहे, म्हणून थोडाही फरक पडला की माणूस चिडतो.

फरक का पडतो? लिहिण्याच्या पानावर दोघांचे नियम एकत्र असतात, वर्डप्रेसच्या प्रशासन पानाचे आणि थीमचे. बरीच वर्षं दोन्ही एकाच खिडकीत नांदत होते. एडिटर माझ्या प्रत्येक नियमाच्या आधी स्वतःचं एक नाव जोडायचा, म्हणजे तो फक्त लेखनाच्या भागाला लागावा. त्यानं नियमाचं वजन बदलायचं. वेबसाइटवर जो नियम हरायचा तो एडिटरमध्ये जिंकायचा. त्यात उजवीकडचा सेटिंगचा पट्टा जागा खातो, पण पडद्याची रुंदी मोजताना तो धरलाच जात नसे. मग एडिटरमध्ये तीन स्तंभ चेंगरलेले आणि मोबाइलवर भलतंच.

ऑगस्ट २०२३मध्ये ६.३ आवृत्तीपासून लेखनाचा भाग वेगळ्या चौकटीत ठेवायची सोय आली, पण सगळी प्लगिनं नव्या पद्धतीची असतील तरच. एक जुनं प्लगिन असलं की पुन्हा पहिला पाढा. म्हणून आजही काळजी घेणारा थीमवाला एकच काम दोनदा तपासतो. एकदा वेबसाइटवर, एकदा एडिटरमध्ये. गिऱ्हाईक पैसे एकदाच देतो.

दुखणं तिसरं : 'या ब्लॉकमध्ये अवैध मजकूर आहे'

हा संदेश अनेकांनी पाहिला असेल. माणूस घाबरतो, त्याला वाटतं वेबसाइट हॅक झाली. खरं काय असतं? साध्या प्रकारचा ब्लॉक जतन होताना त्याचं पूर्ण एचटीएमएल लिहिलं जातं. पान पुन्हा उघडलं की एडिटर मनातल्या मनात तेच पुन्हा तयार करतो आणि जुन्याशी ताडून पाहतो. महत्त्वाचा फरक सापडला की ब्लॉक अवैध.

आता समजा मी शाळेसाठी 'सूचना' नावाचा ब्लॉक बनवला. वर्षभरात त्याच्या दोनशे सूचना झाल्या. मग मला त्यात एक जास्तीचा वर्ग जोडावासा वाटला, एका शब्दाचा बदल. वाचकाला काही फरक दिसत नाही, पण जुनी पानं संपादनासाठी उघडली की दोनशेच्या दोनशे अवैध. ते टाळायचं तर ब्लॉकचं जुनं रूपही कोडमध्ये सांभाळून ठेवावं लागतं. तिसरा बदल केला की तिसरं रूप. जुन्या चालीच्या थीममध्ये साचा एका ठिकाणी बदलला की सगळीकडे लागू व्हायचं. इथे प्रत्येक पान आपापली प्रत घेऊन बसलेलं असतं.

दुखणं चौथं : फाइल बदलली, वेबसाइट बदलली नाही

हे सगळ्यात जास्त डोकं खाणारं आहे. जानेवारी २०२२मध्ये ५.९ आलं आणि ब्लॉक फक्त लेखापुरते राहिले नाहीत. वेबसाइटचा माथा, तळ, लेखाचा साचा, सगळंच ब्लॉकनं बांधता येऊ लागलं. याला आधी 'फुल साइट एडिटिंग' म्हणायचे, आता 'साइट एडिटर' म्हणतात.

थीमबरोबर साच्याची फाइल येते. पण कोणी साइट एडिटरमध्ये जाऊन तळाचा एक शब्द बदलला आणि जतन केला, की त्या भागाची पूर्ण प्रत डेटाबेसमध्ये तयार होते. त्यानंतर वर्डप्रेस फाइल पाहतच नाही, डेटाबेसमधली प्रत दाखवतं. कारकुनानं शाळेचा फोन नंबर बदलला, बरोबरच केलं. सहा महिन्यांनी मी थीमची सुधारित फाइल चढवली. काहीच बदललं नाही. पुन्हा चढवली, कॅश रिकामी केली, होस्टिंगवाल्याशी भांडलो, आणि मग कळतं की तळाची प्रत तिकडे आहे. ती प्रत काढून टाकता येते, तशी सोय दिलेली आहे. पण मग कारकुनानं टाकलेला फोन नंबरही जातो.

इथे दोघांपैकी कोणीच चुकलेला नाही, हे लक्षात घ्या. दोघांनाही वाटतं, तळ माझा. आणि प्रणाली दोघांनाही 'हो' म्हणते.

दुखणं पाचवं : आपली लिपी

आतापर्यंतचं सगळ्या जगाचं झालं. आता आपलं. हा एडिटर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा रोमन लिपी होती. त्यामुळे त्यातली काही बटणं देवनागरीत निरुपयोगी आहेत आणि काही घातक.

अक्षरांतलं अंतर वाढवायची सोय आहे. इंग्रजी मथळ्याला ती शोभते. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची फाटलेली माळ होते. मोठ्या लिपीचं बटण आहे, आपल्याकडे मोठी-लहान लिपीच नाही. पहिलं अक्षर मोठं करायची सोय आहे. पण आपलं पहिलं 'अक्षर' कधी 'क्षि' असतं, कधी 'स्त्री'. ते कुठे तोडायचं याबद्दल सगळ्या ब्राउझरांचं एकमत नाही. तिरपं अक्षर हेही तसंच. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपा संच नसतो, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतो.

सगळ्यात नेहमीचा घोटाळा ओळींमधल्या अंतराचा. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या थीममध्ये मथळ्याच्या दोन ओळी अगदी जवळ असतात. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार-वेलांटी एकमेकांवर आदळतात. 'सुर्जी' हेच नाव घ्या. खाली उकार आहे, वर वेलांटी आणि रफार आहे. गावाच्या नावालाच जागा पुरत नाही.

पत्त्याचंही असंच. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस आपोआप पत्ता तयार करतं आणि त्या रकान्याची मर्यादा २०० अक्षरांची आहे. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ जागा खातं. २०० भागिले ९, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. बाईंच्या लेखाचं नाव 'सुर्जी-अंजनगावचा तह आणि त्याचे परिणाम'. हिशेब करून पाहा, पत्ता 'आणि-त' इथेच तुटतो. 'त्याचे परिणाम' गायब. ही मर्यादा ब्लॉक एडिटरच्या आधीपासूनची आहे, पण जुन्या एडिटरमध्ये पत्ता शीर्षकाच्या खालीच दिसायचा, तोडका आहे हे लगेच कळायचं. आता तो बाजूच्या पट्ट्यात गेला आहे आणि तिथे कोणी पाहत नाही.

मग चांगलं काहीच नाही का?

आहे. आणि ते सांगितल्याशिवाय तक्रार पुरी होत नाही.

एक. ब्लॉकचा मजकूर हा शेवटी साधं एचटीएमएल असतो. थीम काढा, उद्या वर्डप्रेसही काढा, बाईंचा परिच्छेद वाचता येईल. पान बांधणाऱ्या जुन्या प्लगिनांच्या कचऱ्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन. बाजारभावाचा तक्ता पूर्वी थीमवाल्याला फोन करून करून घ्यावा लागायचा, आता शेतकरी स्वतः करतो. तीन. एप्रिल २०२४च्या ६.५ आवृत्तीपासून वेबसाइटवर फाँट बसवणं सोपं झालं. मुक्तासारखा चांगला, मोफत देवनागरी फाँट तालुक्याच्या पतसंस्थेलाही कोणाची मदत न घेता लावता येतो.

म्हणून माझं मत असं आहे. लिहिणाऱ्याच्या हातात साधनं दिली, यात वाईट काही नाही. वाईट हे की कोणतं साधन कोणाच्या हातात, हे ठरवायचं काम कोणीच केलं नाही. सगळी बटणं सगळ्यांना दिली. खिळ्यांच्या छापखान्यात लेखकाला मुद्रितं तपासायला बसवत असत, पण टायपाच्या केसेस त्याच्यापुढे ओतत नसत. हे ठरवायचं काम आता थीमवाल्याकडे आलं आहे. पूर्वी आपण रूप द्यायचो. आता कुठे मोकळीक आणि कुठे कुंपण, हे ठरवायचं. तेच आजचं थीमचं काम आहे.

कुंपण कसं घालायचं

जुलै २०२१च्या ५.८ आवृत्तीत 'थीम डॉट जेसन' नावाची एक फाइल आली. कुंपण तिथे घालायचं. त्यातली पाच कामं सांगतो.

पहिलं, मनाला येईल तो रंग निवडायची सोय बंद करा. चार-पाच रंग द्या, आणि त्यांची नावं रंगावरून ठेवू नका, कामावरून ठेवा. 'हिरवा' नको, 'मुख्य' हवं. पुढच्या थीमवाल्यानं तीच नावं ठेवली की जुनी पानं आपोआप नवे कपडे घालतील.

दुसरं, अक्षरांतलं अंतर, लिपी बदल, मोठं पहिलं अक्षर, हे मराठी वेबसाइटवर बंदच करा. मथळ्याच्या ओळींचं अंतर दीडपटीच्या आसपास ठेवून 'सुर्जी', 'दर्यापूर', 'मूर्तिजापूर' ही नावं एकाखाली एक लिहून पाहा. आदळली नाहीत तर पास. आणि वेबसाइटची भाषा सेटिंगमध्ये मराठीच ठेवा. काही फाँटांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे भरलेले असतात. भाषा मराठी असेल तरच ते बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं.

तिसरं, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टींचे तयार नमुने द्या. परीक्षेची सूचना, सभेची नोटीस, भावाचा तक्ता. आणि त्यांना कुलूप लावा, म्हणजे शब्द बदलता येतील पण रचना हलणार नाही. ही सोय आता प्रणालीतच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, सगळीकडे जोडलेला नमुना आणि सुटा नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडलेला एका पानावर बदलला की सगळ्या पानांवर बदलतो. कारकुनाला हे आधी सांगा.

चौथं, स्वतःचा ब्लॉक बनवलाच, तर त्याचं एचटीएमएल लेखात साठवू नका. फक्त माहिती साठवा आणि पान दाखवताना सर्व्हरवर पीएचपीनं रूप द्या. मग 'अवैध मजकूर' हा प्रश्नच उरत नाही, आणि साचा पुन्हा एका जागी येतो.

पाचवं, साइट एडिटरचा प्रवेश वाटून घ्या. लिहिणाऱ्याला 'संपादक' ही भूमिका द्या, 'प्रशासक' देऊ नका. संपादकाला साचे बदलता येत नाहीत. शाळेचा फोन नंबर, पत्ता यांसारख्या बदलणाऱ्या गोष्टींसाठी वेगळी जागा करून द्या, म्हणजे त्यांना तळ उघडावाच लागणार नाही.

आणि तांत्रिक नसलेलं शेवटचं काम. दोन पानांची मराठी टिपण छापून टेबलाला चिकटवा. मोकळी जागा हवी म्हणून एंटर दाबत बसू नका. वर्डमधून चिकटवताना साधा मजकूर म्हणून चिकटवा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटातला मजकूर आधी युनिकोड करा. पत्ता हातानं लहान लिहा. चार ओळी आहेत, पण त्यांनी निम्मे फोन कमी होतात.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, मंग जुनंच एडिटर ठेवलं त काय बिघडते? आमच्या पोर्टलवर तेच हाये, काही त्रास नाई.

उत्तर : भाऊ, आज बिघडत नाही. क्लासिक एडिटरचा पाठिंबा आधी २०२१पर्यंतच देणार होते. मग तो वाढवला, आणि आता गरज असेपर्यंत देऊ असं म्हणतात. नुसत्या बातम्या टाकायच्या असतील, म्हणजे शीर्षक, फोटो, चार परिच्छेद, तर खुशाल ठेवा. पण नव्या थीम आता ब्लॉक धरूनच येतात. पाच वर्षांनी थीम बदलायची वेळ आली की निवड कमी असेल. बदल करायचाच असेल तर सवडीनं करा. जुने लेख जसे आहेत तसे राहतात, एका 'क्लासिक' ब्लॉकमध्ये दिसतात. सगळे लगेच रूपांतरित करायची गरज नसते.

प्रश्न : हे फुकट भेटते न? मंग तक्रार कोनापाशी करावं?

उत्तर : फुकट आहे आणि खुलंही आहे. म्हणून तक्रारीचा मार्गही खुला आहे. चूक कुठे आहे, कोणत्या आवृत्तीत, काय केल्यावर दिसते, हे नीट लिहून त्यांच्या नोंदवहीत टाकता येतं, आणि ते वाचलं जातं. मराठी भाषांतराचं कामही स्वयंसेवकच करतात, त्यात कोणालाही भाग घेता येतो. देवनागरीच्या तक्रारी आपण नाही केल्या तर त्या कोण करणार? तिकडच्या माणसाला शिरोरेषा तुटलेली दिसतच नाही. दिसली तरी तुटली आहे हे त्याला कळत नाही.

प्रश्न : आम्ही लिहिणारे आहोत, कोड आम्हाला येत नाही. आम्ही एकच गोष्ट करायची तर कोणती?

उत्तर : ताई, लिहिताना स्वतःला विचारा, हे मी *काय आहे* ते सांगते आहे, की *कसं दिसावं* ते? 'हा मथळा आहे' असं सांगायचं असेल तर मथळ्याचा ब्लॉक घ्या. परिच्छेदालाच ठळक आणि मोठं करून मथळ्यासारखं दिसवू नका. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं, पण पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, गूगलला आणि पुढच्या थीमला ते सारखं नसतं. तुम्ही काय आहे ते लिहा. कसं दिसावं हे आमच्यावर सोडा, आणि ते बिघडलं तर हक्कानं फोन करा.

वेळ झाली आहे. लॅपटॉप आणले आहेत त्यांनी थांबा, तुमच्या वेबसाइटींवर हीच पाच कुंपणं बसवून पाहू.